शिडाच्या बोटीचे मॉडेल आणि दोरीचा उलटा पीळ : सोलापुरातून मदत हवी आहे

तीनपदरी (धागाकर्ता)

गेले सव्वा वर्ष मी ‘ब्लूनोज’ या दोन डोलकाठ्यांच्या बोटीचे १:६४ प्रमाणातील लाकडी मॉडेल कीटमधून बांधत आहे. अंग पट्ट्यांनी मढवून झाले, डेक झाला, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, आणि आता काम दोऱ्यांपाशी येऊन अडले आहे. अडचण अशी की मी घरी वळलेली दोरी दर वेळी उलट्या पिळाची होते. कुणाला ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु शिडाच्या बोटीकडे पाहणाऱ्याची नजर आधी दोऱ्यांवर जाते आणि मग अंगावर उतरते, त्यामुळे हा दोष ठेवून पुढे जाण्याची माझी तयारी नाही.

आधी बोटीविषयी थोडे सांगतो, म्हणजे प्रमाणाचा हिशेब समजायला सोपा जाईल. ‘ब्लूनोज’ २६ मार्च १९२१ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात लुननबर्ग येथे पाण्यात उतरली. तिचा आराखडा विल्यम रुए यांचा होता आणि कप्तान अँगस वॉल्टर्स होते. ग्रँड बँक्सच्या उथळ समुद्रात कॉड मासा धरणे हा तिचा रोजचा धंदा होता, आणि त्याच बोटीने मच्छीमार बोटींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीही जिंकल्या. १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर शिडाची बोट आहे, तिच्यामागेही हीच ‘ब्लूनोज’ आहे. १९४६ च्या जानेवारीत ती हैतीजवळ खडकावर आपटून गेली आणि १९६३ मध्ये तिची प्रतिकृती बांधण्यात आली. मूळ बोटीची एकूण लांबी १४३ फूट, म्हणजे सुमारे ४३.६ मीटर होती. ६४ ने भागल्यावर माझे मॉडेल ६८ सेंटिमीटरचे होते. मुख्य शिडाच्या तळाशी असलेली आडवी काठी ८१ फुटांची होती, ती माझ्याकडे साडेअडतीस सेंटिमीटरची आहे. माझ्या टेबलावरची प्रत्येक वस्तू मी याच ६४ च्या भागाकारातून पाहतो आणि दोरीलाही त्यातून सूट देता येत नाही.

अंगाचे काम मी मागच्या ऑगस्टमध्ये सुरू केले. तळकण्याच्या उभ्या फळीत आडवे छेद (अंगाचा आकार ठरवणाऱ्या आडव्या फळ्या) काटकोनात बसवले, त्यांच्या कडा पॉलिश पेपर लावलेल्या लांब पट्टीने एका लयीत घासून घेतल्या आणि एक लवचिक पट्टी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत आडवी धरून ती प्रत्येक छेदाला टेकते की नाही हे वारंवार पाहिले. नवख्या मंडळींना माझे कळकळीचे सांगणे आहे की या घासण्यात आठवडा गेला तरी जाऊ द्यावा. पट्टीची रुंदी ठरवताना मी प्रत्येक छेदाच्या कडेने कागदाची अरुंद चिंधी लावून डेकपासून तळकण्यापर्यंतचे अंतर उतरवून घेतले आणि त्याचे सव्वीस भाग केले. त्यामुळे मध्यावर ५ मिलिमीटर असलेली पट्टी नाळेकडे ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागेल हे आधीच कळले. पट्टी निम्म्याहून अधिक निमुळती करू नये. तशी वेळ आलीच तर दोन पट्ट्यांच्या जागी पुढे एकच रुंद पट्टी खाच पाडून बसवावी. पट्ट्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटे भिजवल्या आणि सोल्डरिंगच्या बोथट टोकाने हळूहळू वाकवल्या. तुटलेल्या पट्ट्या बहुतेक घाईत तुटल्या.

आता मूळ प्रश्न. कीटसोबत आलेला दोरा गुळगुळीत आहे, परंतु तो शिवणाच्या दोऱ्यासारखा दिसतो, दोरखंडासारखा दिसत नाही. म्हणून मी घरीच दोरी वळण्याचे साधन केले. एका लाकडी ठोकळ्यात तीन आकडे, त्यांना एकाच वेळी फिरवणारी दातेरी चाके, समोर बारा फुटांवर सरकत्या पाटावर एक आकडा, आणि मध्ये तीन खोबणी असलेला लाकडी शंकू. तिन्ही पदरांना पीळ दिला की ते आखडतात, सरकता पाट पुढे येतो, आणि शंकू मागे सरकू लागला की त्याच्यामागे दोरी तयार होत जाते. मी नवी पेठेतून चांगल्या प्रतीचा शिलाईचा सुती दोरा आणला. दोरी सुंदर झाली, पण भिंगाखाली पाहिले तर तिचे पदर डावीकडे चढत होते, आणि बोटीवरचा नेहमीचा तीनपदरी दोरखंड उजवीकडे चढतो. मग मी हँडल उलट फिरवले, तर दोराच उसवू लागला, त्यावर लव आली आणि दोरी भुसभुशीत झाली. तीन वेळा प्रयत्न केला, तीनही वेळा तेच झाले. चूक साधनात आहे की माझ्या हातात, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

पूर्वभाग

आपले साधन बरोबर आहे आणि हातही बरोबर आहे. चूक दोऱ्याच्या निवडीत आहे, आणि ती मला लगेच समजली, कारण आमच्या घरात तीन पिढ्यांपासून सूत आहे. आजोबा तेलंगणातून सोलापुरास आले तेव्हापासून माग आणि पुढे यंत्रमाग हेच आमचे जीवन आहे.

सुताला दोन दिशांनी पीळ देता येतो. दोरा उभा धरावा आणि पिळाच्या रेषा पाहाव्यात. त्या खालून वर उजवीकडे चढत असतील तर त्यास झेड पीळ म्हणतात, कारण इंग्रजी झेड अक्षराची मधली रेघ तशीच असते. डावीकडे चढत असतील तर तो एस पीळ. दोरखंडाची रचना पीळ उलटसुलट देऊनच टिकते. तंतूंचे सूत झेड पिळाचे, त्या सुतांचा पदर एस पिळाचा, आणि तीन पदरांची दोरी पुन्हा झेड पिळाची. प्रत्येक पायरीचा पीळ आधीच्या पायरीच्या उलट असतो, म्हणून पदर उसवू पाहतो तेव्हा दोरी घट्ट होते आणि दोरी उसवू पाहते तेव्हा पदर घट्ट होतो. दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात.

शिलाईचा दोरा मात्र शेवटी झेड पिळाचा असतो, कारण शिलाई यंत्राच्या हालचालीत एस पिळाचा दोरा उसवत जातो. आपण असा झेड पिळाचा दोरा पदर म्हणून घेतला. तो अधिक आवळला की त्याची दोरी एस पिळाचीच होणार, म्हणजे डावी होणार. आणि हँडल उलट फिरवले की दोऱ्याचा मूळ पीळच निघणार. आपल्याला आलेले दोन्ही अनुभव याच एका कारणाने आलेले आहेत.

उपाय आपल्या शहरातच आहे. विणकामासाठी जे दोनपदरी सूत वापरतात त्याची एकेरी सुते झेड पिळाची आणि दुहेरी पीळ बहुधा एस असतो. तेच सूत पदर म्हणून घ्या, त्याच्या स्वतःच्या पिळाच्या दिशेने अधिक आवळा, आणि दोरी आपोआप उजवी पडेल. मागताना ‘दोनपदरी, मर्सराइज्ड, गॅस केलेले’ असे सांगावे. मर्सराइज्ड म्हणजे ताणाखाली कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेले. त्याने तंतू फुगून गोल होतो, चमक आणि बळकटी येते. गॅस केलेले म्हणजे ज्योतीवरून वेगाने नेऊन लव जाळलेले. या दोन प्रक्रिया झालेल्या सुताला आपण म्हणता ती भुसभुशीत लव येणार नाही. टॉवेलचे किंवा चादरीचे जाड सूत या कामाला उपयोगाचे नाही.

तीनपदरी

आपला प्रतिसाद वाचून मी भिंग घेऊन घरातला प्रत्येक दोरा उभा धरून पाहिला, आणि आपण म्हणता तसेच निघाले. माझे वडील १८७७ साली सुरू झालेल्या, ज्या गिरणीला सोलापुरात अजूनही सगळे ‘जुनी मिल’ म्हणतात, त्या गिरणीत रिंग खात्यात (सूत कातण्याच्या विभागात) होते. एस आणि झेड हे शब्द मी लहानपणी जेवताना ऐकलेले आहेत. त्यांचा अर्थ या वयात, बोटीच्या निमित्ताने कळावा याचे मला फार वाटले.

आता पुढचा प्रश्न विचारतो. कोणत्या नंबरचे सूत घेतले असता किती जाडीची दोरी होईल, याचा आगाऊ हिशेब करता येतो का? माझ्या आराखड्यात दोऱ्यांचे माप घेराने दिले आहे.

पूर्वभाग

करता येतो. सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. म्हणून नंबर वाढला की सूत बारीक होते. २/८० म्हणजे ८० नंबरची दोन सुते एकत्र पिळलेली, जाडीला ४० नंबरच्या एकेरी सुताइतकी. सुताचा व्यास इंचात काढायचा असेल तर नंबराचे वर्गमूळ घ्यावे, त्यास २८ ने गुणावे आणि त्या संख्येने १ ला भागावे. हे ढोबळ सूत्र आहे, पण सुती सुताला ते चांगले लागू पडते. त्यानुसार २/८० चा व्यास सुमारे ०.१४ मिलिमीटर येतो, २/६० चा ०.१७, आणि २/४० चा ०.२०. तीन सारखे गोल पदर एकत्र आले की बाहेरचा व्यास एका पदराच्या २.१५ पट होतो. म्हणजे २/८० ची तीनपदरी दोरी सुमारे ०.३१ मिलिमीटर, २/६० ची ०.३६ आणि २/४० ची ०.४४. याहून जाड दोरी हवी असल्यास एका पदरात दोन किंवा तीन सुते घ्यावीत.

घेराचे माप ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. समजा दोरखंडाचा घेर अडीच इंच आहे. व्यास सुमारे २० मिलिमीटर झाला, ६४ ने भागल्यावर ०.३२. म्हणजे आपल्याला २/८० हवे.

विजापूर रोड

मी याच शहरात ‘कटी सार्क’चे १:९६ प्रमाणातील प्लॅस्टिक मॉडेल पूर्ण केले आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. १८६९ साली बांधलेली ती तीन डोलकाठ्यांची चहावाहू बोट आहे आणि तिच्यावरच्या दोऱ्यांची संख्या ‘ब्लूनोज’पेक्षा कितीतरी जास्त आहे. आरंभी मीही प्रत्येक दोरी वळायची असे ठरवले होते. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की ०.२ मिलिमीटरच्या खालच्या दोरीचा पीळ हातभर अंतरावरून दिसतच नाही. तिथे एकेरी चांगला दोरा पुरतो. डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या जाड दोऱ्यांवर खलाशांना चढण्यासाठी शिडीसारख्या आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या सगळ्या मी साध्या दोऱ्याच्या ठेवल्या आणि त्यात काही उणे दिसत नाही.

या आडव्या दोऱ्यांत पिळापेक्षा अंतर महत्त्वाचे आहे. खऱ्या बोटीवर दोन पायऱ्यांमध्ये साधारण १४ इंच असतात, कारण माणसाचा पाय तेवढाच उचलला जातो. माझ्या प्रमाणात ते ३.७ मिलिमीटर झाले, आपल्या प्रमाणात सुमारे ५.६ मिलिमीटर होईल. कार्डावर त्या अंतराच्या रेषा आखून ते कार्ड दोऱ्यांमागे उभे करावे आणि रेषेवर गाठ बसवावी. गाठ ओढून आवळू नये, नाहीतर उभ्या दोऱ्या आत खेचल्या जाऊन त्यांना कंबर पडते. मी पहिली बाजू याच चुकीमुळे पूर्ण सोडून पुन्हा बांधली. गाठीवर पाण्याने पातळ केलेला पांढरा गोंद सुईच्या टोकाने एक थेंब सोडावा. झटपट चिकटणारा सायनोचा गोंद दोऱ्यावर लावू नये. दोरा तेथे काचेसारखा कडक होतो आणि पुढे तेथेच तुटतो.

दुसरी गोष्ट, ‘ब्लूनोज’ १९२१ ची आहे. तिच्या डोलकाठ्या धरून ठेवणाऱ्या स्थिर दोऱ्या पोलादी तारांच्या असणार, तागाच्या नव्हेत. कृपया त्या जाड करू नयेत.

तीनपदरी

ताई, आपण अगदी योग्य वेळी हे सांगितले. मी स्थिर दोऱ्यांसाठी ०.८ मिलिमीटरचे माप धरले होते, ते माझ्या डोक्यात जुन्या युद्धनौकांच्या चित्रांवरून आले होते. एक इंच जाडीची तार ६४ ने भागली तर ०.४ मिलिमीटर होते. म्हणजे मी जवळजवळ दुप्पट जाडी घेणार होतो, आणि बोट शर्यतीच्या चपळ बोटीऐवजी मालवाहू गलबतासारखी दिसली असती. शिडे ओढणाऱ्या चलत्या दोऱ्या मात्र मनिला तंतूच्या, गवताच्या रंगाच्या आणि स्पष्ट तीनपदरी असत. पीळ दिसावा असा माझा आग्रह आता तेवढ्यापुरता ठेवतो.

पहिलंच मॉडेल

मी बार्शीचा आहे आणि माझ्याकडे अजून कीटही आलेले नाही. हा धागा वाचून प्रश्न पडला की आपल्या मराठी आरमाराची गुराब किंवा गलबत सोडून आपण कॅनडाची मच्छीमार बोट का निवडली? कृपया राग मानू नये.

तीनपदरी

राग कशाचा, प्रश्न रास्त आहे. गुराबेचे आकर्षण मलाही आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत, पुढे नाळेवर तोफा, आणि सोबत चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते, ही वर्णने वाचताना चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु वर्णन आणि आराखडा यांत फरक आहे. ‘ब्लूनोज’चा आराखडा उपलब्ध आहे, छायाचित्रे आहेत, प्रतिकृती आजही पाण्यावर आहे, माझ्यासारख्याला चूक झाली की ती कशाशी तरी ताडून पाहता येते. या बोटीवर हात बसला की गुराब करायला घेण्याचा विचार आहे. आपल्याकडची, संपूर्ण मापे मिळणारी बोट हवी असल्यास मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारी सागवानात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ पाहावी. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. मात्र ती तीन डोलकाठ्यांची युद्धनौका आहे, तिच्यापासून सुरुवात करू नये. पहिल्या मॉडेलसाठी दोन डोलकाठ्यांची, तोफा नसलेली, आडव्या शिडांऐवजी उभ्या धाटणीची शिडे असलेली लहान बोट घ्यावी.

मिरकरवाडा

दोऱ्यांची चर्चा उत्तम चालली आहे, पण मला आपल्या अंगाच्या पट्ट्यांची काळजी वाटते. आपण पट्ट्या ऑगस्टमध्ये लावल्या असे लिहिले आहे. सोलापूरचा एप्रिल त्या बोटीने पाहिला का? आमच्याकडे रत्नागिरीला जूनमध्ये मासेमारी बंद झाली की लाकडी होड्या वर ओढून ठेवतात. होडी पाण्याबाहेर राहून वाळली की फळ्यांमध्ये फटी दिसू लागतात, आणि पुन्हा पाण्यात गेली की लाकूड फुगून त्या मिटतात. शिवाय फटींत राळ आणि तेल लावलेला कापूस ठासलेला असतो. मॉडेलला यातले काहीच मिळत नाही.

तीनपदरी

आपण दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. मी हे पहिल्या टिपणात लिहिले नाही ते बरे केले नाही.

मार्चच्या शेवटी डाव्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, पट्ट्यांमध्ये केसाएवढ्या तीन फटी पडल्या. अंग काळे रंगवलेले असल्यामुळे त्यांतून आतले फिकट लाकूड लगेच दिसले. कारण नंतर समजले. पावसाळ्यात लावलेल्या बासवुडच्या पट्टीत हवेतला ओलावा मुरलेला होता. आपल्याकडे मार्च-एप्रिलची हवा अत्यंत कोरडी असते, तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, आणि लाकूड रुंदीत आक्रसते. ५ मिलिमीटरच्या पट्टीत ते आक्रसणे मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतकेच असते, पण सव्वीस पट्ट्यांचे मिळून अडीच मिलिमीटर होतात आणि ते सर्वांत कच्च्या सांध्यातून बाहेर पडतात. मी पट्ट्यांना फक्त छेदांवर गोंद लावला होता, कडांना सगळीकडे लावला नव्हता. तेथेच मी कमी पडलो.

त्यात भर म्हणजे मॉडेल ज्या खोलीत होते तेथे उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चालतो. रात्री कूलरच्या ओलाव्यात लाकूड फुगे, दुपारी कूलर बंद असताना वाळे. पहिल्या डोलकाठीला बांधलेला सुती दोराही रात्री तारेसारखा ताणलेला असे आणि दुपारी सैल पडलेला असे. आरंभी मला गाठी सुटत आहेत असे वाटले होते. ओलाव्याने सूत फुगते, पिळाची दोरी जाड होऊन लांबीला आखडते, वाळली की पुन्हा लांबते, हे कळल्यावर मी बोट कूलरच्या खोलीतून हलवली आणि काचेच्या पेटीत ठेवली.

फटी मी त्याच लाकडाच्या कापून घेतलेल्या सळ्या गोंद लावून, आत सारून बुजवल्या, लांबी (पुट्टी) भरली नाही. लाकडाची सळी लाकडाबरोबर हलते, लांबी सुटून पडते. त्यानंतर डेकच्या दारांतून पोहोचेल तेवढ्या आतल्या भागालाही वॉर्निशचा पातळ हात दिला, कारण बाहेरून रंग आणि आतून उघडे लाकूड असले की ओलावा एकाच बाजूने ये-जा करतो.

मिरकरवाडा

सळ्यांचा उपाय योग्य आहे. पुढच्या वेळी पट्ट्या बंडलमधून सोडून, ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत दोन-तीन आठवडे मोकळ्या ठेवाव्यात आणि भिजवून वाकवलेली पट्टी छेदांवर नुसती चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्यावी, मग गोंद लावावा. ओल्या पट्टीला गोंद लावणे हेच फटीचे पहिले बीज असते. आमच्याकडची दमट हवा मॉडेलला उलट त्रास देते. तेथे पट्ट्या फुगून एकमेकींना ढकलतात आणि एखादी वर उचलली जाते, म्हणून मी पट्ट्या फार ठासून बसवत नाही.

पूर्वभाग

सुती दोऱ्याच्या ताणाविषयी एक सांगतो. पॉलिस्टरच्या दोऱ्यावर हवेच्या ओलाव्याचा परिणाम जवळपास होत नाही, म्हणून अनेक जण तोच वापरतात आणि त्यात काही गैर नाही. पण सुतीच वापरायचे असेल तर वळलेली दोरी ओलसर करून, टोकाला वजन टांगून रात्रभर वाळू द्यावी. तिचा पीळ बसतो आणि पुढचे आखडणे बरेच कमी होते.

रंगाबाबत अधिक काळजी घ्यावी. सूत लडीच्या रूपात आधी रंगवून घ्यावे आणि मग दोरी वळावी, नाहीतर पदरांच्या आत रंग पोहोचत नाही. स्थिर दोऱ्यांसाठी काळा रंग हवा असेल तर रंगाऱ्याला सल्फर ब्लॅक नको असे स्पष्ट सांगावे. तो स्वस्त आणि गडद असतो, पण साठवणीत त्यातील गंधकापासून हळूहळू आम्ल तयार होते आणि सूत कुजल्यासारखे तुटू लागते. कपड्याचे आयुष्य थोडे असते, तेथे ते चालून जाते. आपल्या बोटीने पन्नास वर्षे टिकावे अशी इच्छा असेल तर व्हॅट किंवा रिअॅक्टिव्ह काळा घ्यावा.

विजापूर रोड

हे मला माहीत नव्हते. माझ्या ‘कटी सार्क’वरचा काळा दोरा कोणत्या रंगाचा आहे हे आता तपासायला हवे. मेणाबाबत आपले मत काय? मी सर्व दोरे मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घेतले होते. लव बसली, गाठीही नीट बसल्या, पण तीन वर्षांत दोऱ्यांवर सोलापूरची धूळ चिकटून त्या राखाडी झाल्या आहेत आणि ब्रशने निघत नाहीत.

पूर्वभाग

गॅस केलेल्या सुताला मेणाची गरज नाही. ज्या दोऱ्याला आधीच लव आहे तो मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूने, वरून नव्हे, वेगाने एकदा ओढून न्यावा. ज्योतीच्या वर नेल्यास काजळी बसते. मेण लावलेच असेल तर मॉडेल काचेत ठेवणे एवढाच मार्ग आहे.

तीनपदरी

आज तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पूर्वभाग यांनी आपल्या ओळखीच्या विणकराकडून २/८० आणि २/६० या दोन नंबरांच्या सुताच्या एकेक कोन (गुंडाळ्या) मिळवून दिल्या, आणि पैसे घेण्यास नकार दिला. त्यांचे ऋण मी येथे नोंदवून ठेवतो.

दोरी उजवी पडली. पहिली दोरी वळली तेव्हा मी भिंग घेऊन खिडकीत गेलो. पदर खालून वर उजवीकडे चढत होते आणि टोक मोकळे सोडले तरी दोरी उसवली नाही. बारा फुटांच्या सुतातून आठ फूट दोरी मिळते, म्हणजे तिसरा हिस्सा पिळात जातो. मापही हिशेबाप्रमाणे आले. पेन्सिलीभोवती शेजारी शेजारी वीस वेढे घेतले आणि त्यांची रुंदी मोजली, ती २/८० च्या दोरीसाठी ६ मिलिमीटरहून किंचित अधिक भरली, म्हणजे एक दोरी ०.३१ मिलिमीटर. पीळ किती द्यायचा याचा अंदाज मात्र हाताला लागावा लागतो. कमी दिला तर पदर सुटे दिसतात, फार दिला तर दोरी स्वतःभोवती वेटोळी घेते. सरकता पाट साधारण पाऊण फूट पुढे आला की शंकू सोडायचा, असे माझ्या साधनापुरते मी ठरवून घेतले आहे.

एक फायदा असा झाला की ज्याचा मी विचारच केला नव्हता. डेकवर खुंट्यांना गुंडाळून उरलेल्या दोरीची वेटोळी टांगावी लागतात. उजव्या पिळाची दोरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वेटोळी केली की ती निमूट बसते. माझ्या आधीच्या डाव्या दोरीची वेटोळी दर वेळी उभी राहत आणि मी त्यांना गोंदाने दाबून बसवत होतो. आता गोंदाचा थेंब न लावता ती खाली लोंबतात, वजन असल्यासारखी.

काल पुढच्या डोलकाठीच्या शिडाची ओढदोरी बसवली. कप्प्यांची भोके ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने पुन्हा साफ केली, दोरीचे टोक गोंदात बुडवून तिरके कापले आणि सुईसारखे ओवले. मुख्य शिडाच्या दोऱ्यांसाठी अजून साधारण नऊ मीटर दोरी लागेल, म्हणजे साडेतेरा मीटर सूत प्रत्येक पदराला. काळे सूत व्हॅट रंगात रंगवून घेण्यासाठी लड उद्या अक्कलकोट रोडला देणार आहे.

पहिलंच मॉडेल यांना विनंती आहे की कीट आले की त्यातील दोऱ्याचा पीळ आधी पाहावा आणि येथे लिहावे. माझ्याकडे २/६० चे सूत शिल्लक राहील, ते बार्शीला पाठवता येईल.